'मॅम, मग उरलेल्या १६० पुढे मी पास लिहू का?'

उंबरठा (सोमवार, रात्री १०:५०)

टीम लीड होऊन सात महिने झाले. हाताखाली नऊ जण. आजवर इथे नुसती वाचत आले. आज लिहितेय, कारण घरी सांगितलं तर "एवढं काय त्यात" असं ऐकायला मिळेल आणि ऑफिसात तर बोलायची सोयच नाही.

आज क्लायंटबरोबर आढावा बैठक होती. प्रेझेंटेशन मी बनवलेलं. टेस्टिंगच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, एकूण टेस्ट केस (सॉफ्टवेअर नीट चालतं का याच्या एकेक तपासण्या) ४१२, झालेल्या २५२, म्हणजे ६१ टक्के. सकाळी साहेबांनी फाइल मागून घेतली. परत आली तेव्हा तिथे १०० टक्के आणि शेजारी हिरवा गोल. मी विचारलं, तर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बाकीच्या होणारच आहेत ना? मग आज शंभर म्हटलं तर बिघडलं कुठं?"

स्लाइडच्या तळाशी माझं नाव आहे.

बैठकीत ती स्लाइड आली, समोरच्या बाई "छान" म्हणाल्या, पुढची स्लाइड आली. चार-पाच सेकंद असतील. मी म्यूटवर होते. माउस बटणावर नेलाही होता. दाबलं नाही.

बैठक संपल्यावर टेस्टिंगमधला सगळ्यात नवा मुलगा माझ्या टेबलापाशी आला. लागून सहा महिने झाले असतील. लॅपटॉप उघडाच हातावर धरलेला, त्यात ती शीट. म्हणाला, "मॅम, मग उरलेल्या १६० पुढे मी पास लिहू का?"

टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होता. पद्धत अशीच असते आणि आपल्यालाच कोणी सांगितली नाही, असं त्याला वाटलं असणार. मी म्हटलं, "थांब, उद्या सांगते."

आता उद्या काय सांगू?

सावळा_गोंधळ (सोमवार, रात्री ११:१५)

सांगायचं काय, "लिहू नकोस, शुक्रवारपर्यंत सगळ्या रन कर" एवढंच. विषय संपला.

उगाच डोक्याला त्रास करून घेताय. १८ वर्षं या धंद्यात आहे. स्टेटस रिपोर्टमधला शंभर म्हणजे 'होईल' आणि नव्वद म्हणजे 'अजून सुरू केलेलं नाही', हे क्लायंटलाही माहीत असतं. तोही त्याच्या साहेबाला तसंच सांगत असतो. साहेबांशी पंगा घ्यायला तुम्हाला लीड केलेलं नाही. सात महिने म्हणजे खुर्ची अजून गरमही झालेली नाही.

एक मात्र करा. तुमची ६१ टक्क्यांची मूळ फाइल आणि ती पाठवलेली मेल जपून ठेवा. पुढेमागे गळ्याशी आलं तर कामाला येईल.

नवा_भिडू (सोमवार, रात्री ११:३२)

मी त्या मुलाच्या जागी आहे, म्हणजे दुसऱ्या ऑफिसात. एवढंच सांगतो, आम्हाला सगळं दिसतं. इंडक्शनला मूल्यांच्या दोन तास स्लाइड दाखवतात, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. लीड कोणत्या वेळी गप्प बसला, ते तारखेसकट लक्षात आहे.

शेवटची_रांग (मंगळवार, पहाटे ५:४०)

निवृत्त माणूस आहे, म्हणून ही वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख होतो. आमच्याकडे २५ मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट बनत. दर तासाला पाच नग मोजायचे आणि रजिस्टरमध्ये रीडिंग टाकायचं, असा नियम. एका रात्रपाळीत दोन वाजता ऑपरेटरचा फोन आला. टूल झिजलं होतं, साइज वाढत गेली होती आणि त्याच्या लक्षात येईपर्यंत तीनशेच्या आसपास नग गेले होते. सकाळी सहाला डिस्पॅच. मी झोपेतून उठून गेलो आणि शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर ओरडलो, "सहाला गाडी लागायची आणि तू आत्ता सांगतोस?" तो मायक्रोमीटर हातात घेऊन उभा होता. मी बोलत असताना त्याने तो हळूच डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि खाली बघत राहिला. तो डबा बंद होतानाचा आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी त्या पाळीच्या बोर्डावर त्याच्या नावापुढे तीनशे रिजेक्शन लागलं.

पुढचं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं गेलं. रिजेक्शन खाली, रात्री फोन बंद, वरून शाबासकी. मग एका ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. मी रजिस्टर काढून बसलो. सात दिवस, तीन पाळ्या, आणि झाडून सगळी रीडिंग २४.९८ नाहीतर २४.९९. एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. यंत्र असं कधीही वागत नाही. टूल झिजतं, बदललं की साइज खाली येते, पुन्हा चढते. खरं रजिस्टर नुसतं लांबून पाहिलं तरी ते करवतीच्या दातासारखं दिसतं. हे इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

बसल्या जागी रीडिंग भरणारे ते होते. पण तो धडा त्यांना मी दिला होता, रात्री दोन वाजता, एका वाक्यात. खरं सांगणाऱ्याचं काय होतं, हे सगळ्या पाळ्यांनी पाहिलं होतं. मी स्वतः आयुष्यात एकही खोटं रीडिंग लिहिलेलं नाही आणि तोवर स्वतःला फार सरळ माणूस समजत होतो.

त्यानंतर बोर्डावरची नावं काढली, फक्त आकडा ठेवला. ज्याने लॉट होल्डवर टाकला त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही, असं स्वतःवर बंधन घातलं. वाचायला सोपं वाटतं. मला जमायला दोन वर्षं लागली.

उंबरठा ताई, साहेबांचं काय करायचं ते सावकाश ठरवा. त्या पोराला मात्र आज सकाळी, चहाच्या आधी उत्तर द्या. उद्यापर्यंत थांबवलंत की तो स्वतःचं उत्तर स्वतः शोधेल.

तिरका_डोळा (मंगळवार, सकाळी ८:०५)

काका, दंडवत.

'स्लाइडच्या तळाशी माझं नाव आहे' यावरून २७ जानेवारी १९८६ ची रात्र आठवली. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं आणि थंडी कडाक्याची पडणार होती. यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनीयर फोनवरच्या बैठकीत नासाला सांगत होते की सांध्यातल्या रबरी रिंगा थंडीत दबल्यावर लवकर मूळ आकारात येत नाहीत, ५३ फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको. रॉजर बॉइस्जॉली नावाचा त्यांच्यातला इंजिनीयर सहा महिन्यांपूर्वीच तसं लेखी देऊन बसला होता. नासाने नाराजी दाखवली. कंपनीच्या लोकांनी फोन म्यूट करून आपसात चर्चा केली. तिथे एका वरिष्ठाने इंजिनीयरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनीयरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. फोन पुन्हा चालू झाला तेव्हा उत्तर बदललेलं होतं.

उड्डाणस्थळी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ॲलन मॅकडोनल्ड होता. शिफारशीच्या कागदावर त्याने सही करायची, अशी रीत. तो म्हणाला, मी करणार नाही. मग त्याच्या वरिष्ठाने कारखान्यातून सही करून कागद फॅक्सने पाठवला. सकाळी यान उडालं, ७३ सेकंदांनी फुटलं, सात जण गेले.

उंबरठा, तुमच्या त्या चार-पाच सेकंदांतही म्यूट आहेच. माझा आक्षेप साहेबांच्या शंभरवर कमी आणि तुमचं नाव तळाशी ठेवून आकडा बदलण्यावर जास्त आहे. त्यांना शंभर म्हणायचं होतं तर स्वतःच्या नावावर म्हणायचं.

सावळा_गोंधळ (मंगळवार, सकाळी ९:२०)

आलं का चॅलेंजर! ऑफिसवरचा कोणताही धागा घ्या, दहाव्या प्रतिसादाच्या आत चॅलेंजर येतंच. (मॅकडोनल्डला नंतर बाजूला टाकलं होतं, हेही लिहा की.)

इथे कोणी मरत नाहीये हो. चार दिवसांचा फरक आहे. राईचा पर्वत होतोय.

तिरका_डोळा (मंगळवार, सकाळी ९:४१)

टाकलं होतं, खरं आहे. चौकशी आयोगापुढे त्याने खरं सांगितल्यावर कंपनीने त्याच्याकडचं काम काढून घेतलं. मग अमेरिकन संसदेतल्या लोकांनी कंपनीला यापुढे कंत्राट मिळणार नाही असा दम भरला, तेव्हा त्याला परत आणून सांध्यांच्या नव्या रचनेचं काम त्याच्याकडे दिलं. प्रत्येकामागे संसद उभी राहत नाही, हे मान्य.

ताळेबंद (मंगळवार, दुपारी १:१०)

'चार दिवसांचा तर फरक' यावर हिशेबनीसाला बोलू द्या.

माझ्या पहिल्या नोकरीत वर्षअखेरीच्या रात्री माल ट्रकमध्ये भरून गेटबाहेर नेऊन उभा करायचे. ट्रक हलायचा नाही. ड्रायव्हर त्यातच झोपायचा. पण गेट पास झाला की बिल फाडायचं आणि विक्री या वर्षात धरायची. माल आठवड्याभरात खरोखर जायचा, ग्राहक खरा, पैसेही यायचे. मग बिघडलं कुठं? पहिल्या वर्षी दोन ट्रक होते. पण नवं वर्ष सुरू झालं तेच दोन ट्रकांच्या खड्ड्यातून, कारण ती विक्री आधीच खाल्लेली. वर नवं टार्गेट वाढीव. म्हणून दुसऱ्या अखेरीला पाच ट्रक लागले. तिसऱ्या वर्षी गेटबाहेरच्या रस्त्यावर रांग लागली आणि आमच्या वॉचमनलासुद्धा कळलं की साहेबांचा आकडा कमी पडलाय.

एक पैसाही कोणी घरी नेला नव्हता. सगळे आपापल्या परीने कंपनीचं भलं करत होते.

सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ ला संचालक मंडळाला जे पत्र लिहिलं ते आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा वाचावं. ५,०४० कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक जी पुस्तकात होती ती प्रत्यक्षात नव्हतीच. पण सुरुवात कशी झाली म्हणतात? खरा नफा आणि दाखवलेला नफा यांच्यातल्या किरकोळ फरकातून. पुढे ते लिहितात की वाघावर बसल्यासारखं झालं होतं, खाल्लं न जाता उतरायचं कसं ते कळेना. वाघावर कोणी वाघ म्हणून बसत नाही. बसताना ते मांजर असतं.

रातराणी (मंगळवार, रात्री ११:५५)

नाइट ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे तोवर लिहिते.

काकांच्या रजिस्टरवरून आठवलं. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज होता की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! नीट खोदल्यावर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत इनचार्जच्या भीतीने झाकल्या जात होत्या.

मी नवीन असताना एका पेशंटसाठी इंजेक्शनचा दहापट डोस भरला होता. दशांश चिन्ह चुकलं. सुई लावायच्या आधी सिरिंज उजेडात धरली आणि हात थरथरायला लागले. दिलं नव्हतं, कोणी पाहिलंही नव्हतं. बेसिनमध्ये ओतून दिलं असतं तर आजवर कोणाला कळलं नसतं. मी इनचार्ज सिस्टरांकडे गेले कारण आदल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची एक चूक सगळ्यांसमोर वहीत लिहिली होती. त्यांनी ती सिरिंज हातात घेतली, बाटलीवरचं लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "हे दोन्ही शून्य एकमेकांना चिकटूनच छापलेत गं. दुसरी कोणी पण फसेल." त्या रात्रीपासून ते औषध दोघींनी बघून भरायचं ठरलं. मला बोलणी बसली, नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी, खोलीत, दार लावून.

शिस्त नको असं कोणी म्हणत नाहीये. बेफिकीर असेल त्याला काढाच. पण सांगायला आलेल्याला आणि लपवलेल्याला एकाच मापाने मोजलं की मग फक्त लपवणारेच उरतात.

सावळा_गोंधळ (बुधवार, सकाळी ८:५०)

हा प्रतिसाद आवडला. बाकी मतावर ठाम आहे.

पडद्यामागून (बुधवार, सकाळी ११:३०)

एचआरमध्ये आहे. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घ्या.

दोन गोष्टी मोकळेपणी सांगते. एक, तक्रारीची हेल्पलाइन म्हणजे देवाचा कौल नव्हे. ती कंपनीची आहे आणि कंपनीला सांभाळण्यासाठी आहे. वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ खाती आणि कार्डं घालायचं टार्गेट होतं. लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा कळलं की पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं होतं, त्यांतले बहुतेक खालच्या फळीतले. टार्गेट ठरवणाऱ्या सर्वोच्च साहेबाने राजीनामा दिला तो त्यानंतर, ऑक्टोबरात. म्हणजे आकडा वरून येतो आणि खोटं खाली बोललं जातं. 'मी काही खोटं बोला म्हटलं नव्हतं' असं वरचे म्हणतात आणि ते अक्षरशः खरंही असतं.

दुसरी गोष्ट, उंबरठा, तुमच्यासाठी. सरळ क्लायंटला मेल टाकू नका, सरळ एचआरलाही नको. आधी साहेबांशी समोरासमोर, एकट्याने. 'तुम्ही खोटं केलंत' हे वाक्य तोंडातून काढू नका, ते पुढचे दोन तास त्याच वाक्यावर भांडतील. 'स्लाइडवर माझं नाव आहे, आकडा जुळत नाही, मी दुरुस्ती पाठवतेय' एवढं पुरे. त्यांना स्वतःहून पाठवायची संधी द्या. माणसाला मागे फिरायला वाट ठेवली तर बरेचदा फिरतो. मग मेल, तीन ओळींची, विशेषणं नकोत. आणि सावळा_गोंधळ म्हणतात तसं मूळ फाइल जपून ठेवा, पण गळ्याशी येईल तेव्हा दाखवायला म्हणून नव्हे. तसं जपलेलं सत्य फक्त जपणाऱ्याच्या कामाचं असतं.

कोरा_कागद (बुधवार, दुपारी ३:००)

पडद्यामागून यांच्याशी ९० टक्के सहमत (खरे ९०, सावळेंचे नव्हे).

पण 'आधी आत' म्हणता म्हणता ते आतच राहतं, ही भीती आहे. विल्यम लमेझुरिए या स्ट्रक्चरल इंजिनीयरचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कमधल्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीचं काम त्याचं. इमारत उभी राहून लोक आत कामही करायला लागले होते आणि १९७८ साली त्याच्या लक्षात आलं की तिरप्या वाऱ्याचा जोर धरला आणि वेल्डिंगऐवजी बोल्ट लावलेत हेही धरलं, तर मोठ्या वादळात ती धोक्यात आहे. बाहेर अजून बोभाटा झालेला नव्हता. गप्प बसता आलं असतं. तो स्वतः मालकांकडे गेला, नाव आणि पेशा पणाला लावून. मग कित्येक आठवडे रात्री, कर्मचारी घरी गेल्यावर, सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. त्याच्या नेकीचे दाखले आजही देतात.

पण त्या इमारतीत रोज येणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांना खरं कारण कोणी सांगितलं नाही. ते जगापुढे आलं १९९५ ला. मला हा माणूस निम्माच पटतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला सांगायला नको?

उंबरठा, तुमच्या बाबतीत छप्पर क्लायंटच्या डोक्यावर आहे.

शेवटची_रांग (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

निम्मा का होईना, आधी गेला तो. आमच्यातले बहुतेक शून्यावरच राहतात. वादाला चांगला मुद्दा आहे, पण ताईंची बातमी येऊ द्या.

हळदीकुंकू_नको (बुधवार, संध्याकाळी ७:४०)

इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन यांची गोष्ट अजून कशी आली नाही? ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा पत्रकारांसमोर ते स्वतः बसले. जुलै १९८० ला यशस्वी झालं तेव्हा त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. नेता असावा तर असा.

तिरका_डोळा (बुधवार, रात्री ८:०२)

गोष्ट खरी आणि सुंदर, पण तिचा अर्थ 'साहेबाने टीमचं झाकावं' असा लावतात तेव्हा वैताग येतो. कलामच सांगायचे की संगणकाने उड्डाण थांबवलं होतं आणि तज्ज्ञांच्या भरवशावर पुढे जायचा निर्णय त्यांचा होता. धवनांनी बाहेर दोष अंगावर घेतला. उड्डाण फसलंच नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. हिरवा गोल लावला नाही.

उंबरठा (गुरुवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

मंगळवारी सकाळी काकांचा प्रतिसाद बसमध्ये वाचला. ऑफिसात पोचल्यावर बॅग खांद्यावर असतानाच त्या मुलाकडे गेले. म्हटलं, "पास लिहायचं नाही. जी रन केली नाही तिच्यापुढे 'रन केली नाही' लिहायचं. आणि काल ती स्लाइड आली तेव्हा मी बोलायला हवं होतं, बोलले नाही." तो गोंधळला. बहुधा मी रागावलेय असं वाटलं त्याला. "ओके मॅम" म्हणून स्क्रीनकडे बघायला लागला. सिनेमात होतं तसं काही झालं नाही.

बुधवारी साहेबांची वेळ मिळाली. पडद्यामागून यांनी दिलेली वाक्यं जवळजवळ तशीच बोलले. आवाज कापत होता. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "तू पाठव. मला सीसीत ठेवू नकोस."

मी जागेवर येऊन मेल लिहिली. 'सोमवारच्या सादरीकरणात टेस्टिंगचा आकडा १०० टक्के दिला होता, तो चुकीचा आहे. त्या दिवशी ४१२ पैकी २५२ झाल्या होत्या. उरलेल्या शुक्रवारपर्यंत होतील.' सीसीच्या रकान्यात त्यांचं नाव टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. शेवटी ठेवलं. पाठीमागून पाठवल्यासारखं नको वाटलं.

क्लायंटच्या बाईंचं उत्तर अर्ध्या तासात आलं. "धन्यवाद. उरलेल्यांत पेमेंटच्या किती?" ३८ होत्या. तसं कळवलं. बस.

साहेब कालपासून माझ्याशी फक्त मेलवर बोलतायत.

नवा_भिडू (गुरुवार, रात्री ९:४४)

+१००. (खरे.)

पडद्यामागून (गुरुवार, रात्री १०:१०)

सीसी ठेवलंत ते बरोबर केलंत. पण याची किंमत द्यावी लागेल हे गृहीत धरून चला. अप्रेझलमध्ये 'टीम प्लेयर' हा शब्द आला की ओळखा. आतापासून कामाच्या नोंदी नीट ठेवा.

ताळेबंद (गुरुवार, रात्री १०:२५)

"मला सीसीत ठेवू नकोस" म्हणजे त्यांना बरोबर-चूक पक्कं कळतंय. निदान अडवलं नाही. त्यांच्याही वर कोणीतरी असेलच की, जो त्यांच्याकडे शंभर मागतोय.

उंबरठा (सोमवार, रात्री ८:१५)

शेवटचं सांगून टाकते.

उरलेल्या १६० मधल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत १५९ झाल्या. दोन फेल, दोन्ही किरकोळ. एकात बटणाचा रंग, एकात शब्दाचं स्पेलिंग. पेमेंटच्या सगळ्या पास. आणि नवीन प्रोजेक्ट माझ्याकडे येणार असं बोलणं होतं, ते दुसऱ्या लीडकडे गेलं. कारण विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

सावळा_गोंधळ (सोमवार, रात्री ८:३२)

वाईट वाटलं. मनापासून. पण मी पहिल्या रात्री म्हणालो ते हेच ना? शंभर म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. सोमवारचं शंभर शुक्रवारी खरंच शंभर झालं.

उंबरठा (सोमवार, रात्री ८:५०)

झालं नाही. १५९ म्हटलंय मी.

आमच्या शीटमध्ये पास आणि फेल एवढेच दोन पर्याय होते. त्या मुलाने शेजारी 'शेरा' म्हणून एक नवा रकाना टाकलाय. मला विचारलं नाही. बाकी सगळा रिकामा आहे. २८७ नंबरच्या ओळीत पास-फेल कोरं आणि शेऱ्यात लिहिलंय, 'ही मी रन केली नाही. वेळ संपली.' फाइल शुक्रवारी सात वाजता सगळ्या टीमला पाठवलेली, साहेबांसकट.

शेवटची_रांग (सोमवार, रात्री ९:०५)

तुम्ही काय म्हणालात त्याला?

उंबरठा (सोमवार, रात्री ९:११)

पाच मिनिटं काही नाही, काका. मग विचारलं, किती वेळ लागेल. वीस मिनिटं म्हणाला.